उण्यात भरलेली टाकी

आमच्या दाजींइतका संशयी माणूस नांदेडपासून लातूरपर्यंत शोधून सापडायचा नाही. त्यांचा संशय माणसांवर नव्हे, बाइटवर, म्हणजे संगणकात येणाऱ्या आकड्यावर. लातूरच्या एका पाणीठेकेदाराकडे ते जावा या संगणकभाषेत प्रोग्राम लिहीत. टाकीवरचं यंत्र पातळीचा आकडा पाठवी, शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत. जावा मात्र एकशे सत्तावीसपर्यंत सरळ चालते. त्यापुढचा बाइट तिला उणे वाटतो. म्हणून आलेला प्रत्येक बाइट आधी दोनशे पंचावन्नच्या चाळणीतून काढायचा, म्हणजे उणं गळून खरा आकडा उरतो, हा दाजींचा धर्म. ताईनं कोथिंबीर आणली तरी ओरडत, "धुतलीस का? बाहेरचं तसंच आत घेऊन राहिलीस!" चुलतभावाच्या साखरपुड्यात तर त्यांनी भटजींना संगणकाच्या शून्य-एकच्या पद्धतीनं दहा बोटांवर हजाराच्या पुढं मोजून दाखवलं. भटजी पानावरून उठले.

आणि याच माणसाच्या हातून एका ओळीत चाळण राहिली! चाचणी उन्हाळ्यात झाली होती. लातूरचा उन्हाळा, टाकी अर्ध्याच्या वर कधी गेलीच नाही, म्हणून चूकही दिसली नाही. पुढं पाणी बरं आलं, टाकी अर्ध्याच्या वर गेली आणि प्रोग्रामच्या लेखी उणे झाली. पंप चालूच. वस्तीत व्हॉल्व्ह फिरवून पाणी सोडणारा एक म्हातारा होता, सगळे त्याला मामा म्हणत. टाकी ओसंडताना पाहून मामांनी ऑफिसला फोन केला. उत्तर मिळालं, "स्क्रीनवर टाकी रिकामी हाय. गप बसा." पंपाची कळ ऑफिसात. घागरीसाठी भांडणाऱ्या वस्तीचं पाणी भर दुपारी गटारात गेलं.

टाकीखाली वस्ती जमली. ठेकेदार म्हणाला, "म्हातारा झोपला व्हता."

"न्हाई साहेब, म्या फोन केलता," मामा म्हणाले.

दाजी पुढं झाले. "मामा जागे होते. चूक माझी हाय. एक ओळ चुकली."

वस्तीतले एक दुकानदार हसले. "इंजिनेरसाब, लई मोठं मन हाय तुमचं. पर कम्प्युटर कुठं चुकत असतो का? माणूसच चुकतो."

माना डोलल्या. दारोदार पाणी सोडणाऱ्या माणसाचा शब्द खोटा आणि काचेवरचा आकडा खरा! शिकलेल्या लोकांची ही वस्ती. चूक करणारा स्वतः कबूल करतोय, तरी शिक्षा गरिबालाच हवी. मामांना काढलं. दाजींनी ती ओळ दुरुस्त केली आणि त्याच संध्याकाळी नोकरी सोडली.

आता ते नांदेडला क्लासमध्ये शिकवतात. सुट्टी मिळाली की रेणापूरला जातात. मामा तिथं मुलीकडं राहतात. एकदा मीही गेलो होतो. दाजी ओशाळून अंग चोरून बसले होते. तेवढ्यात शेजारी आला. "पाव्हणे कोण म्हणायचे?" त्यानं विचारलं.

मामांनी दाजींच्या पाठीवर हात ठेवला. "म्या जागा व्हतो म्हणून सगळ्यांम्होरं सांगणारे ह्येच."

दाजी खाली बघत राहिले. मामांनी हात मात्र काढला नाही.