मागच्या टिपा बघा

राही, निनाद... भुताखेतांवर मी कधीच विश्वास ठेवला नाही, आजही ठेवत नाही. तरी हे लिहिते आहे, कारण त्याचा उलगडा झालेला नाही, आणि लाजही गेलेली नाही.

२००५च्या सुमारास मी इंग्लंडमध्ये वॉटफर्डला माझ्या लेकीकडे, तुमच्या मेधाआत्याकडे होते. ती नोकरी सांभाळून अमेरिकेच्या इतिहासात एम.ए. करत होती. विषय — गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या शाळा. तिच्या प्राध्यापिकांनी बजावलं होतं, त्या काळात जगलेल्या कोणाचं तरी लिखाण आणा, नाहीतर प्रबंध परत. मेधा रडकुंडीला आलेली. म्हटलं, "तू ऑफिसला जा, मी शोधते."

लायब्ररीत पुस्तकं विषयवार रचून मी एकेक चाळायला बसले. समोर एक इंग्रज आजोबा पेपर धरून डुलक्या काढत होते. बाकी टेबल रिकामं. इतक्यात शेजारून बायकी आवाज आला —

"काय शोधताय हो?"

परदेशात मराठी ऐकू आलं की मी सावधच व्हायचे... एकदा बोललं की चौकशा संपत नाहीत. मान वर न करता म्हटलं, "आय अ‍ॅम क्वाइट ऑल राइट, थँक यू."

मग, अगदी हळू — "बरं. पण प्रकरणांत नाही मिळायचं ते. मागच्या टिपा बघा."

वैतागून वळले. शेजारची खुर्ची रिकामी, टेबलाखाली नीट सरकवलेली.

"इथे बसलेल्या बाई कुठे गेल्या?" मी काउंटरवर विचारलं.

"त्या बाजूला तुम्ही एकट्याच आहात, डिअर. पाणी देऊ का?"

जागेवर येऊन उघड्या पुस्तकाच्या शेवटच्या टिपा चाळल्या, तर त्यांत एका शिक्षिकेच्या आठवणींचा उल्लेख निघाला. तशाच एका शाळेत शिकवलेली बाई! लायब्ररीने ते पुस्तक दुसरीकडून मागवून दिलं. मेधा पास झाली. आभारांत तिने लिहिलं, 'हे आईने शोधलं.' मला ते पान पुरतं वाचवेना.

"अगं आई, तुझंच मन बोललं असेल," मेधा म्हणते. असेल. मग मी स्वतःलाच इंग्रजीत झिडकारलं का?

नंतर एकदा त्याच जागी जाऊन बसले. आजूबाजूला पाहून हळूच म्हटलं, "अहो... चुकलं माझं. बसा ना. गाव कुठलं तुमचं?"

पेपरमागून तेच आजोबा, आपल्यालाच विचारलं असं वाटून, म्हणाले, "सॉरी, लव्ह?"

बाकी काही नाही. तिथे कोण होतं, मला अजून सांगता येत नाही. जी कोणी होती, तिला माझ्याशी मराठीत बोलायचं होतं.