कोरं टायर

आमचं घर सहा चाकांचं होतं, आणि त्यावर कुणी नाक मुरडलं की माझं डोकं फिरायचं. ह्यांचा तंबूतला सिनेमा होता. तंबू आणि गडी भाड्याच्या गाडीतून पुढं जायचे, आणि सिनेमाचं यंत्र अन् आमचं बिऱ्हाड आमच्या ट्रकातून. लिलावात घेतलेला जुना लष्करी ट्रक. मागच्या बाजूला फळ्या ठोकून ह्यांनी खोली केली होती. दार होतं, खिडकी होती, फडताळ होतं, कोपऱ्यात स्टो होता. दिवाळी झाली की निघायचं ते मिरगापर्यंत. शेवगाव, पाथर्डी, जामखेड, जिथं जत्रा तिथं आम्ही. बायका विचारायच्या, "तुझं गाव कंचं गं?" मी म्हणायची, "गाडीतलं तेल संपंल ते."

सत्तर-एकाहत्तर साल असावं. सगळी टायरं घासून तुळतुळीत झाली होती. नगरला जुन्या मालाच्या बाजारात आम्ही दोघं दिवसभर हिंडलो. लष्कराची उतरवलेली टायरं ढिगानं पडलेली. हे वरून नक्षी बघायचे. मी आतून हात फिरवायची, कुठं चीर लागते का, कुठं दोरा सुटलाय का. दुकानदार हसला, "वहिनी, वांगी घेताय का काय?" मी म्हटलं, "वांगं किडकं निघालं तर भाजी टाकता येती. ह्याच्यावर माझी लेक बसणार हाय." मग मात्र त्यानं गुमान खालची टायरं वर काढून दिली.

सहा टायरं जमली, सगळी वरून नवं रबर चढवलेली. आणि नशिबानं एक कोरं करकरीत मिळालं. कसं कुणास ठाऊक, पण त्याच्यावरची रबराची केसंसुद्धा गळली नव्हती. आता ते लावायचं कुठं, यावरून आमच्या घरात महाभारत झालं.

मी म्हटलं, पुढं लावा, डाव्या बाजूला. मागं दोन-दोन चाकं जोडीनं असतात, एक गेलं तर दुसरं तोलून धरतं. पुढचं फुटलं की गाडी कुठं जाईल त्याचा नेम नाही, आणि डाव्या बाजूला लेकीला मांडीवर घेऊन मी बसते. ह्यांना पटलं होतं. पण आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ऐकतील तर ना!

"चांगली वस्तू वापरून कुनी वाटूळं करतं व्हय? ती अडीनडीला ठिवायची. स्टेपनीला लाव रं."

झालं! आईनं शब्द टाकला, की लेकाची मान आपोआप हलली.

स्टेपनी खाली टांगली तर चोर नेतील, म्हणून ती आतच ठेवली, आडवी, स्टोशेजारी. आत्याबाईंनी तिला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला, वर गोधडी घातली. मग तीच त्यांची बैठक झाली. दर खंडेनवमीला गोधडी बाजूला करून पूजा व्हायची, पुन्हा गोधडी. पूजा केलेली वस्तू उलटीपालटी कशी करायची? शिवाय वर आत्याबाई बसलेल्या! हवा आहे का बघा, असं मी एकदा म्हटलं तर म्हणाल्या, "कोऱ्याला काय धाड भरली?" मीही तोंड मिटलं. रोज गाडी हलली की स्टोमधलं रॉकेल थोडं सांडायचं, ते मी पुसून घ्यायची. फळ्यांच्या उतारानं किती टायराखाली जात होतं, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मग दुष्काळ पडला. जत्रा सुकल्या. जिकडं बघावं तिकडं खडी फोडायची कामं. माणसं दिवसभर खडी फोडायची आणि संध्याकाळी अंगावरची धूळसुद्धा न झटकता सिनेमाला यायची. पाथर्डीत मुक्काम असताना एसटीच्या कंडक्टरनं जामखेडचा, माझ्या माहेरचा निरोप आणला. वहिनीनं धाडला होता: दादांचं अन्नपाणी सुटलंय, लेकीची वाट बघतायत. दादा म्हणजे माझे वडील. आई गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं होतं. जामखेडची गाडी तर निघून गेली होती.

हे म्हणाले, "चल, ट्रक काढतो." आत्याबाई मागं चढल्या, मी लेकीला घेऊन पुढं.

रस्त्यावर नवी खडी पसरली होती, अजून दबलेली नव्हती. आष्टी मागं पडली आणि धाडकन आवाज झाला. पुढचं, डावं! गाडी रस्त्याकडेच्या चारीकडं ओढली गेली. ह्यांनी कशीबशी धरली. लेक किंचाळत होती, मी तिला छातीशी घट्ट आवळलं होतं.

"आता स्टेपनी काढ," आत्याबाई खाली उतरत म्हणाल्या. त्यांच्या तोंडावर जरा तेजच आलं होतं. "बघ, म्हनलं न्हवतं? अडीनडीला कामी आली का न्हाई?"

ह्यांनी घाईघाईत चाक चढवलं, पंपानं हवा भरली. मी देवाचं नाव घेत बसले. माझ्या डोळ्यांपुढं दारात खाट टाकून रस्त्याकडं बघणारे दादा होते. मैलभर गेलो नसू, तोच पुन्हा तसाच आवाज.

उतरून बघितलं. वरची बाजू हळदीकुंकवानं पिवळीलाल, आणि जी बाजू इतकी वर्षं खाली होती ती रॉकेल पिऊन फुगून मऊ पडलेली. बोट लावलं तर रबराचा लगदा हाताला आला.

मी काय काय बोलले ते आज लिहवत नाही. "जपा अजून! देव्हाऱ्यात बसवा!" असं काहीतरी ओरडले, आणि तिथंच रस्त्यावर बसून मोठ्यानं रडले. आत्याबाई एका दगडावर बसल्या.

पाण्याचा टँकर आला जामखेडकडं जाणारा. ह्यांनी हात केला. मला आणि लेकीला ड्रायव्हरशेजारी बसवलं, आणि आम्ही दिवेलागणीला दादांच्या दारात उतरलो.

दादा होते. ओळखलं त्यांनी. "आलीस का गं बाय," एवढंच म्हणाले. अंगाखाली फाटकं घोंगडं होतं, त्याच्या दशा पाठीला रुतत होत्या. मी वहिनीकडं बघितलं. ती डोळे पुसत म्हणाली, "नवी वाकळ शिवून घेतली ओ, तुमच्या जुन्या लुगड्यांची. पन अंगाखाली घालू देत न्हाईत. म्हनतात, लेक-जावई आले की आंथरायची."

वाकळ ट्रंकेत होती. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मला एवढा संताप आला त्या म्हाताऱ्याचा, आणि एवढी माया! मी ती खसकन ओढून काढली, आम्ही दोघींनी दादांना उचलून धरलं आणि अंगाखाली सारली. ते हातानं चाचपत राहिले. "मऊ हाय गं," म्हणाले, "लईच मऊ हाय." चौथ्या दिवशी दादा गेले, त्याच वाकळीवर.

हे आणि आत्याबाई मागून आले, तेव्हा ते सगळं आत्याबाईंनी ऐकलं, वहिनीच्याच तोंडून.

दिवस-कार्य उरकल्यावर पुन्हा नगरचा तोच बाजार. या खेपेला आत्याबाईही आल्या, गुडघे धरून सगळ्या ढिगांतून हिंडल्या. पुन्हा एकच टायर कोरं मिळालं. ह्यांनी सवयीनं विचारलं, "आई, हे स्टेपनीला ना?"

मी मुद्दाम दुसरीकडं बघत उभी राहिले. भांडायची ताकद नव्हती.

"म्होरं लाव," आत्याबाई म्हणाल्या. "डाव्या अंगाला. ती बसती तिकडं."