जावयाची टीम

अख्ख्या इंग्लंडात अमेरिकन फुटबॉलवर मनापासून संतापणारा एकच मराठी माणूस आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. बाकीचे लोक हवामानावर संतापतात, ट्रेनवर संतापतात, कौन्सिलवर संतापतात. मामा साउथहॅम्प्टनच्या आपल्या घरात उभे राहून समुद्रापलीकडच्या एका टीमवर, आणि त्यातही तिच्या कोचवर, संतापतात. जन्मभर हॉस्पिटलात लोकांना शांत झोपवण्याचं काम केलेला हा भूलतज्ज्ञ रविवारी संध्याकाळी सहा वाजता असा काही चवताळतो, की पाहुण्यांना वाटावं घरात चोर शिरलाय.

टीम त्यांनी निवडलेली नाही. ती जावयाबरोबर आली. एकुलत्या एका मुलीने अमेरिकन मुलाशी लग्न ठरवलं, तेव्हा मामांनी रीतीप्रमाणे त्याला मानपानाचं विचारलं. त्या बिचाऱ्याला काही उमगलं नाही. त्याने उलट सासऱ्यालाच आपल्या लाडक्या टीमची जर्सी दिली. झालं! त्या दिवसापासून ती टीम घरची झाली. अधिक महिन्यात मामींनी तळलेले तेहतीस अनारसे कुरियरने गेले, ते तिकडे अमेरिकेत पिठी होऊन पोचले. जावयाने ती पिठी मॅच बघता बघता चमच्याने संपवली आणि बेस्ट होती म्हणून कळवलं. मामा तेव्हापासून त्याच्यावर फिदा. प्रत्येक मॅच संपली की सासरे-जावई व्हिडिओ कॉलवर तासभर बोलणार, हे ठरूनच गेलं.

मॅच मामा बसून बघत नाहीत. "ऑपरेशन कोणी सोफ्यावर बसून करतं का?" असा त्यांचा सवाल असतो. दंडाला बीपीच्या मशीनचा पट्टा बांधलेला असतो आणि आकडा वर गेला की तो कोचच्या नावावर जमा होतो. या खेळात चेंडू ठरावीक अंतर पुढे न्यायला चार संधी मिळतात. हा कोच तीन वाया घालवतो आणि चौथ्या वेळी चेंडूला लाथ मारून तो समोरच्यांच्या हवाली करतो. नियमात बसतं ते, पण मामांच्या डोक्यात बसत नाही. "अरे, अर्ध्या ऑपरेशनमध्ये मी कधी म्हटलं का, की मला जमत नाहीये, पेशंट शेजारच्या थिएटरमध्ये ढकला?" दर सोमवारी कोचला ईमेल जाते: पेशंट दाखल होताना ठणठणीत होता, मृत्यू निव्वळ निष्काळजीपणामुळे. उत्तर आजतागायत आलेलं नाही. शेजारचा गोरा म्हातारा एकदा कुंपणावरून म्हणाला, "हे म्हणजे हेल्मेट घातलेलं रग्बी." दोन आठवडे त्याचं गुड मॉर्निंग बंद होतं.

यंदा टीम सप्टेंबरपासूनच रडतखडत खेळत होती. त्यात दिवाळीत मुलीचा फोन आला, की ती आणि नवरा वेगळे होताहेत. भांडण नाही, तंटा नाही, दोघांनी मिळून ठरवलंय. मामी फोन धरून रडायला लागल्या. मामांनी विचारलं, "मग मॅचनंतरच्या फोनचं काय?" मामी चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. शेवटी मुलगीच म्हणाली, "बाबा, मॅचबद्दल हवं तेवढं बोला त्याच्याशी. पण फक्त मॅचबद्दल. आमच्याबद्दल एक शब्द नाही."

मामांनी ती अट पाळली. मी एकदा शेजारी होतो. स्क्रीनवर जावयाच्या मागे रिकामी भिंत, जमिनीवर खोकी, पोराचा चेहरा निम्मा झालेला. मामांनी क्षणभर डोळे मिटले आणि विचारलं, "हाऊ इज नंबर सेव्हंटी-टूज नी?" मग दोघं त्या खेळाडूच्या गुडघ्यावर चाळीस मिनिटं बोलले. जेवतोस का, झोपतोस का, यातलं काही विचारायचं नव्हतं ना!

आता मला सांगा, त्या कोचला काय कल्पना होती? टीम बाद फेरीत गेली तर जानेवारीतही फोन. हरली तर सीझन संपला, आणि सीझन संपला की अटीत बसेल असा विषयच उरत नाही. एका चांगल्या म्हाताऱ्या माणसाचे फोन त्या नालायकाच्या हातात होते, आणि मला त्याचा आजही राग येतो. शेवटच्या मॅचला आम्ही चार पॉइंटांनी पुढे होतो. चौथी संधी होती, जायचं होतं वीतभर. कोचने चेंडूला लाथ घातली, आणि शेवटच्या मिनिटाला समोरच्यांनी मॅच नेली. मी ओरडलो, उशी फेकली, मराठीत जे येतं ते सगळं बोललो. मामांनी मात्र दंडावरचा पट्टा सोडला आणि नीट गुंडाळून ठेवला.

जावयाचा फोन आला. "नेक्स्ट इयर, बाबा," तो म्हणाला. "येस, येस, नेक्स्ट इयर," मामा म्हणाले. तेवढ्यावरच फोन बंद झाला. मामींनी आत चहा टाकला होता.

"अरे, जरा बघ ना तुझ्या फोनवर," मामा म्हणाले, "या लोकांचं आता पुढे काय असतं?"

मी शोधून सांगितलं, की एप्रिलच्या शेवटी कॉलेजातले नवे खेळाडू निवडतात. मॅच वगैरे काही नसते.

मग जन्मात कुणाची परवानगी न मागितलेल्या त्या माणसाने मला हळूच विचारलं, "निवड म्हणजे मॅचमध्येच धरतात ना रे?"

"धरतात, मामा," मी म्हटलं.