गेरूचा पट्टा

सुरतेतल्या डिंडोलीच्या त्या गल्लीत कुणी हिलाल पाटलांचं घर विचारलं की लोक घराचा नंबर सांगत नसत. "ती म्हातारी गाडी उभी आहे ना, तिच्या मागचं घर," म्हणत. त्यांच्या बायकोच्या, उषाबाईंच्या, कानावर हे पडलं की त्यांना ओशाळल्यासारखं व्हायचं. माणसानं नावानं ओळखलं जावं, पोराबाळांच्या शिक्षणानं ओळखलं जावं. भंगारावरून ओळख म्हणजे काय!

गाडी होती लँडमास्टर, स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी निघालेली. हिलालभाऊ पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस मिलमध्ये फिटर होते, आणि ही गाडी तिथल्या शेठच्या वडिलांची. मिलच्या मागच्या अंगाला कडुनिंबाखाली उभी राहून राहून तिच्यात कुत्र्या विण्यापर्यंत वेळ आली होती. शेड वाढवायची निघाली तेव्हा शेठ म्हणाले, "ले जाव, हिलालभाई, नाहीतर कापून टाकतो." हिलालभाऊंनी ती मित्रांकरवी ढकलत घरी आणली. सणवार नाही की सुट्टी नाही, रविवार आला की गाडीखाली. दोन वर्षांत इंजिन बोलायला लागलं.

हिलालभाऊ मुळात कमी बोलणारे. अमळनेरकडून सुरतेला आले तेव्हापासून हातांना मिलच्या रंगाचा वास कायमचा. लग्नाला पंचवीस वर्षं होत आली, पण बायकोवर त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. फारच राग आला तर मोरीत जाऊन हात धुवायचे, हात स्वच्छ असले तरी.

सत्त्याण्णव सालच्या नवरात्रात गाडीचं पुढचं अंग उघडण्याचं कारण होती योगिता. ही त्यांची थोरली मुलगी नवापूरला दिलेली, सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. शेजारच्या दुकानातल्या फोनवर हिलालभाऊ लेकीला म्हणाले, "मी गाडी घेऊन येतो. पोटातलं पाणी हलणार नाही तुझ्या."

पण गाडीचं नाक बसलेलं होतं. खड्डा आला की पुढचा भाग धाडकन आपटायचा, आणि नवापूरचा रस्ता म्हणजे खड्ड्यांचीच रांग. म्हणून त्यांनी ओट्यासमोर गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली, पुढची चाकं काढली. झटके सोसणारे गळके जुने शॉकअप काढून भंगारबाजारातून आणलेले उभे, नळीचे शॉकअप बसवायचे ठरवलं. त्यांच्यासाठी पट्ट्या कापून वेल्डिंग केलं. आणि गाडीच्या पोटाखालून जाणारे ते दोन लांब पोलादी दांडे बाहेर काढले.

"याला टॉर्शन बार म्हणतात," त्यांनी बायकोला दाखवलं. क्वचितच ते असं काही दाखवायचे. "चाक वर उचललं की हा पीळ खातो आणि झटका गिळतो. आता टोकाच्या दात्यांतला एक दाता फिरवून बसवला की गाडीचं नाक वर येईल. पण डावा डावीकडंच गेला पाहिजे. इतकी वर्षं एकाच अंगाला पीळ खाल्लाय त्यानं. उलट पिळला तर कधीतरी कडकन तुटेल."

कंपनीची खूण गंजात गेली होती. म्हणून त्यांनी उषाबाईंचाच रांगोळीचा गेरू कालवून डाव्या दांड्याच्या टोकाला पट्टा ओढला. उषाबाईंनी "हं" म्हटलं. त्यांचं अर्धं लक्ष कुकरकडं होतं.

खंडेनवमीला हिलालभाऊ मिलमध्ये पूजेला गेले. घरची हत्यारं उषाबाईंनी काढली. पाने, हातोडी, विळी, शिवणयंत्राची कात्री, सगळं ओट्यावर मांडलं. दांडेही दिसले. देवापुढं काळीकुट्ट लोखंडं कशी ठेवायची? त्यांनी रॉकेलचं फडकं घेतलं, वरून राख घेतली आणि दांडे असे घासले की दोन्ही भावाभावांसारखे एकसारखे चकाकू लागले.

समोरची शोभा आपल्या दारातून म्हणाली, "वहिनी, भंगारालाही हळदकुंकू?"

"काय करू बाई! नवऱ्याची हौस. मेलं हे खटारं चालायचं नाही नि हलायचं नाही, पण पूजा तर केली पाहिजे."

दोघी हसल्या. फडकं पिळताना उषाबाईंच्या हाताला तांबूस रंग लागला. आधी वाटलं, गंज असेल. मग लक्षात आलं की गंज असा एका पुसण्यात निघत नाही. कोणता दांडा कुठून उचलला होता, ते काही केल्या आठवेना.

संध्याकाळी हिलालभाऊ आले. ओट्यावर शोभा होती, आणखी दोन बायका होत्या. झेंडूची फुलं वाहिलेल्या दांड्यांकडं बघून ते थबकले. "पट्टा पुसला गेला वाटतं. यातला डावा कोणता गं?"

तेवढंच विचारलं त्यांनी. आवाजात काहीच नव्हतं. पण तीन बायका बघत होत्या, आणि उषाबाईंच्या तोंडून अहिराणी ठसक्यात निघून गेलं, "माले कळस नही का? कळतं सगळं. जसे होते तसेच ठेवलेत. डावा डावीकडं."

हिलालभाऊंनी मान डोलावली. दसऱ्याच्या सकाळी दांडे बसवले.

गाडीनं नाक वर केलं. गल्लीच्या तोंडाशी मोठा खड्डा होता, त्यातून ती तुपावरून घसरल्यासारखी गेली. कोपऱ्यावरचे गुजराती दुकानदार ओरडले, "अरे हिलालभाई, आ तो नवी लागे छे!" हिलालभाऊ लाजल्यासारखे हसले. उषाबाईही हसल्या, पण नजर डाव्या चाकावर होती. रात्री सांगू, असं त्या मनाशी म्हणाल्या. मग सकाळी सांगू. मग वाटलं, कुणी सांगावं, दांडे बरोबरही बसले असतील. अर्धी तरी आशा होतीच. त्या आशेला धरून त्या नवापूरपर्यंत गाडीत बसून गेल्या. वाटभर पायाखालच्या पत्र्याकडं कान लावून.

योगिताच्या सासूबाई, सुंदराबाई, दारातच उभ्या होत्या. गाडीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळत म्हणाल्या, "इहीनबाई, ही धावते की नुसतीच दाखवायची?"

"बसून बघा," हिलालभाऊ म्हणाले. एवढं बोलणंही त्यांच्या मानानं पुष्कळ होतं. अभिमान चेहऱ्यावर मावत नव्हता.

जेवणं झाली, योगिताची ओटी भरली. जावई गजेंद्रनं बॅगा मागं ठेवल्या. योगिता कमरेला हात लावत हळूहळू पायऱ्या उतरली. "पप्पा, मी पुढं बसते." हिलालभाऊंनी सीटवर घडी घातलेली गोधडी आधीच अंथरली होती.

लेकीनं दाराला हात घातला आणि उषाबाईंनी तो हात धरला.

"बसू नको."

"काय झालं, आई?"

मग सगळं एका दमात बाहेर आलं. फडकं, गेरू, आणि ठसक्यात मारलेली थाप. बोलताना त्या कुणाकडंही बघत नव्हत्या, गोधडीकडं बघत होत्या.

"म्हणजे माझ्या सुनेला," सुंदराबाई एकेक शब्द उच्चारत म्हणाल्या, "तुम्ही या गाडीत घालून नेणार होतात? माहीत असून?"

त्यांचं काहीच चुकत नव्हतं. धरणी दुभंगावी आणि आपण आत जावं, असं उषाबाईंना झालं. 'नेणार नव्हते, सांगितलं ना,' असं म्हणायला तोंड उघडलं, पण ते सांगणं किती उशिराचं, हे त्यांचं त्यांनाच दिसत होतं.

हिलालभाऊ आडावर गेले. बराच वेळ हात धुतले. परत आले, बॅगा काढल्या आणि गजेंद्रच्या हाती दिल्या. "रेल्वेच्या पॅसेंजरनं या. उधन्याच्या स्टेशनावर उतरा." मग बायकोला म्हणाले, "तूही या गाडीतून नको येऊ. पोरीसोबत जा."

"गजेंद्रराव आहेत तिच्यासोबत," उषाबाई म्हणाल्या आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. गोधडी मांडीवर घेतली. हिलालभाऊंनी दोनदा "उतर" म्हटलं. त्या उतरल्या नाहीत. मागं सुंदराबाईंची नजर पाठीला लागलेली होती.

परतीचा रस्ता संपता संपेना. खड्डा दिसला की हिलालभाऊ बैलगाडीच्या वेगानं गाडी काढायचे. मागचे ट्रक भोंगे वाजवून शिव्या देत पुढं जायचे. सोनगड गेलं. व्यारा मागं पडल्यावर ते म्हणाले, "मी कधी रागावलोय का तुझ्यावर?"

"नाही."

"मग खोटं कसाले बोलनी?"

शोभा होती, बायका होत्या, असं सांगता आलं असतं. पण दिवसभरात एवढी लाज निघाल्यावर अर्धंच खरं सांगणं त्यांना झेपलं नसतं. "मला वाटलं," त्या म्हणाल्या, "नाहीतरी ही गाडी नवापूरला पोहोचणारच नाही. बारडोलीतच बंद पडेल, आणि आपण पोरीला बसनं आणू. म्हणून त्या पट्ट्याचं मला एवढं काही वाटलं नाही."

हिलालभाऊंनी गियर बदलला. "सांगितलं असतंस तर दुसरे दांडे शोधले असते. मिळतात," एवढंच ते बोलले.

रडूही येईना उषाबाईंना. रडण्याचा हक्क आपला नाही, असं वाटत होतं.

दांडा तुटला नाही. बरोबर बसला होता की नशिबानं तगला, ते कुणालाच कळलं नाही, आणि कळण्याची सोयही राहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी हिलालभाऊंनी गाडी पुन्हा ठोकळ्यांवर चढवली आणि दोन्ही दांडे काढून भंगारात टाकायला बाजूला ठेवले. योगिता ओट्यावर पाय पसरून बघत बसली होती. समोरून शोभाचा आवाज आला, "काय हिलालभाऊ, कालच तर गेली होती झोकात! परत काय बिघडवून आणलं?"

उषाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "त्यांनी नाही, मी बिघडवलं. खूण मी पुसली, वर तुमच्यासमोर खोटं बोलले. त्यांचं काम एक नंबर होतं."

शोभा हसली, मग हसू गिळून आत गेली. दुपारपर्यंत गोष्ट दुकानापर्यंत पोहोचणार, हे उषाबाईंना ठाऊक होतं. पोहोचू दे, असं म्हणून त्या पुन्हा तांदळाकडं वळल्या, पण खडा कोणता नि दाणा कोणता हे दिसत नव्हतं. गाडीखाली पाना लोखंडावर घासल्याचा आवाज येत राहिला. एकदा तरी ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. जेवायची वेळ झाली तेव्हा बाहेर आले आणि नेहमीसारखं म्हणाले, "वाढ."