पितळी बटण

शहागडला माझ्या काकांच्या शेतात एक तरुण धातू शोधायचं यंत्र घेऊन हौसेने हिंडत होता. सापडलेलं पितळी बटण त्याने अंगठ्याने पुसलं आणि लगेच उलटं केलं. वस्तूची मागची बाजू आधी पाहणारा जाणकार मला प्रथमच भेटला.

"आमचे पणजोबा निजामाच्या फौजेत होते. त्यांचंच असणार," काका म्हणाले. बटणाच्या चौकटीसाठी त्यांनी भिंतही ठरवली होती.

"फौजेच्या बटणामागं बहुतेक कारखान्याचं नाव राह्यतं, काका. हा नुसता पातळ पत्रा हाय. बँडवाल्याचं बटण, साठेक वर्षांचं असंल."

काकांनी शेतातून जाणाऱ्या वाटेकडे बोट केलं.

"मंग आमच्याच वरातीतलं. हितूनच आल्ती. जालन्याचा बँड लावल्ता."

त्याने बटण पुन्हा उलटून पाहिलं. "ते मातर बराबर जुळतं."

पणजोबांची फौज क्षणात बरखास्त झाली. काका बटण घेऊन काकूंना दाखवायला निघालेही होते.