लकडगंजची उघडी नोंद

"थांबा सायेब, कोणी तरी हाये."

असं म्हणताना ती डावा हात वर करायची आणि उजव्या तळव्याने हेडफोन कानावर दाबून धरायची. डोळे मिटलेले. आपण समोर कागद घेऊन उभे असलो, तर तो हात खाली येईपर्यंत उभंच राहायचं. मी तिचा वरिष्ठ होतो, तरी राहायचो.

रामदासपेठेत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमची आरोग्य हेल्पलाइन चालायची. आजारी माणसाने फोन करायचा. कुठे जायचं, कोणाला भेटायचं, कोणते कागद न्यायचे हे आम्ही सांगायचं आणि त्याला दवाखान्यापर्यंत पोहोचवायचं. आठ टेबलं, आठ बाया, आणि समन्वयक मी. ती चार नंबरच्या टेबलावर बसायची. चाळिशीची, बिनलग्नाची, सक्करदऱ्याला आई आणि भावाकडे राहणारी. तिच्या नावावर आमच्या दफ्तरात एक खोटी गोष्ट लिहिलेली आहे. ती मी लिहिली. आता सत्तरी उलटल्यावर ते सांगायला बसलो आहे.

फोन आला आणि पलीकडे कोणी बोललं नाही, तर तीस सेकंदांनी तो कापायचा, असा नियम होता. ती कापत नसे. "घाई नाही बापा, मी हाये," म्हणून बसून राही. एकदा चार मिनिटांनी पलीकडून एक म्हातारा बोलला. बायकोच्या छातीत गाठ होती आणि परक्या बाईला हे सांगावं कसं, या लाजेने तो गप्प होता. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः फोन लावला. "पोचले का गा काका?" माणूस दवाखान्यात पोहोचला हे त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय ती नोंद बंद करत नसे. पंधरा दिवसांवर उघडी राहिलेली नोंद माझ्या अहवालात लाल दिसायची. मी बोललो की म्हणायची, "तुमाले आकडे आयकू येते सायेब, माणसं नाही येत."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांचा राग येतो, आणि त्यांच्यावाचून चालतही नाही.

मे महिन्यात एक फोन सुरू झाला. रोज दुपारी अडीचला, एकाच नंबरवरून. पलीकडे शब्द नाही. उलटा फोन लावला तर कोणी उचलत नसे. तिने त्याची नोंद उघडली, त्यामुळे तो फोन रोज तिच्याच टेबलावर येऊ लागला. अडीच वाजले की ती उठून कूलर बंद करायची.

"ताई, मारतं का वं आमाले? ऊन तं पाह्य बाहेर," शेजारच्या टेबलावरची मुलगी ओरडायची. "भुतासंग बोलाले कूलर काहून बंद करतं?"

"भूत असलं तरी दवाखान्यातच धाडाचं हाये त्याले. कागद नसतीन, एवढंच."

सगळ्या हसायच्या. मग ती हात वर करायची आणि खोली एकदम गप्प व्हायची. "हो असन तं मोबाइलवर एकदा टिचकी मारजा. नाही असन तं दोनदा. बाईमाणूस हाये का?" थांबायची. मान हलवायची. "घरी एकटीच हाये? गळ्यातून आवाज निघत नाही?" पुन्हा थांबायची. अंगावर काटा यायचा, कारण टिचकी आम्हाला कोणालाच ऐकू येत नव्हती. मी एकदा तिचा हेडफोन लावून पाहिला. फार दूर काहीतरी करवतीसारखं चिरत होतं. बाकी काही नाही.

"लाकडं कापाचं आरा मशीन हाये थे," ती म्हणाली. "लकडगंजात राह्यते बाई. गल्ली तेवढी सापडाची राह्यली. चार-पाच दिवस द्या सायेब, घरी जाऊन आणतो तिले."

सोमवारी वरच्या कार्यालयात बैठक होती. माझ्या अहवालात ती एकच लाल ओळ उरली होती. शनिवारी ती जेवायला उठली असताना मी ती नोंद बंद केली. समन्वयकाला तो अधिकार असे, पण नोंदीखाली नाव मात्र उघडणाऱ्याचंच राही. कारण निवडावं लागायचं. मी निवडलं, 'रुग्ण रुग्णालयात पोहोचला'. तेच सर्वांत चांगलं दिसत होतं.

नोंद बंद झाली की तो नंबर चार नंबरच्या टेबलाचा राहत नाही. रिकामं असेल त्या टेबलावर जातो. हे मला माहीत होतं. ती तीन दिवस कूलर बंद करून वाट पाहत बसली. "आज बी नाही आला," म्हणाली. तिसऱ्या दिवशी दूरच्या टेबलावरची बाई मला सहज म्हणाली, "दुपारी एक कोरा फोन येते रोज, कापतो मी." तेव्हा तरी मी नोंद पुन्हा उघडायला हवी होती. पण उघडली असती तर मधे ती कोणी तरी बंद केली होती हे तिला कळलं असतं.

आठवड्याने एक माणूस मोबाइल घेऊन आला. त्याची काकू गेली होती. घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज गेलेला, आणि ती दिवसभर घरात एकटी असायची. मोबाइलमध्ये रोज आमचाच नंबर होता. "तुमी लोकायनं काय केलं?" त्याने विचारलं.

चौकशी बसली. नोंद निघाली: रुग्ण रुग्णालयात पोहोचला. टेबल चार. वरच्या कार्यालयातल्या साहेबांनी मला विचारलं, हे कोणी लिहिलं? मी म्हणालो, "नोंद त्यांच्याच नावावर आहे."

तिला काढलं. जाताना ती माझ्या टेबलापाशी थांबली. "मी नाही लिवलं थे. कोनं लिवलं मालूम पडलं तं सांगजा मले." मी हो म्हणालो.

पुढची गोष्ट सांगू की नको, असं झालं होतं. तिला काढल्यावर चार दिवसांनी, दुपारी अडीचला, चार नंबरवर फोन वाजला. टेबल रिकामं होतं म्हणून मी उचलला. तोच नंबर. आरा मशीन चिरत होतं. मी काही विचारलं नाही. मग अगदी जवळून, नखाने मारावी तशी, एक टिचकी ऐकू आली. मी फोन कापला. संध्याकाळी त्या काकूच्या पुतण्याला विचारलं, तर म्हणाला, मोबाइल तुमच्याकडे आणला त्या दिवसापासून बंद करून कपाटात ठेवला आहे.

ती टिचकी म्हणजे कोणत्या प्रश्नाचं 'हो' होतं, हा विचार मी अनेक वर्षं करतो आहे.

गेल्या महिन्यात मी सगळं कागदावर लिहिलं, खाली सही केली आणि सक्करदऱ्याला तिच्या घरी गेलो. दार भावाने उघडलं. ती गेल्या पावसाळ्यात तापाने गेली होती. मी कागद त्याच्या हातात दिला. आई खाटेवर बसली होती. तिला वाचता येत नव्हतं. त्याने मोठ्याने वाचून दाखवलं. म्हातारी म्हणाली, "अजून एक खेप वाच." त्याने पुन्हा वाचलं.

"म्हणजे पोरगी खोटं नोयती बोलत?" तिने मला विचारलं. "मले म्हणे, आई, मी नाही लिवलं. मी म्हटलं, तुयंच तं नाव हाये तिथं. मेलेल्या बाईच्या नावानं खोटं लिवलं तू. मंग ती बोललीच नाही माह्यासंग, शेवटलोक."

तिने मुलाच्या हातून कागद घेतला, भिंतीला धरून उठली आणि आतल्या खोलीत गेली. दार लोटून घेतलं.

"तिची खोली हाये थे," भाऊ हळूच म्हणाला.

आतून म्हातारीचा आवाज येऊ लागला. ऐकलेला कागद ती आपल्या शब्दांत कोणाला तरी सांगत होती. मधेच थांबायची, समोरच्याने काही विचारावं इतका वेळ, आणि पुढे सांगायची. मी उठलो, तर भावाने हाताने बसवलं.

सांगून संपलं. ती पुन्हा तेवढंच थांबली. मग म्हातारी म्हणाली,

"हो वं पोरी. बाहेरच बसून हाये थो."