समोरच्या दुकानातले साचे

सिंदेवाहीत लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करणारा बरीच वर्षं मी एकटाच होतो. खांद्यावरचा जड कॅमेरा, व्हीएचएसच्या कॅसेटी, दोन व्हीसीआर जोडून केलेलं एडिटिंग, सगळं मी धडपडत शिकलो. पुढे कॉम्प्युटर घेतला. लग्नाची सीडी महिन्याभराने दिली तरी कोणी कुरकुर करत नसे. जाणार कुठे?

मग माझ्या दुकानासमोर एका बाईंनी दुकान टाकलं. माहेर नागपूरचं, नवरा इथल्या शाळेत मास्तर. शूटिंगला दीर जायचा, कॉम्प्युटरवर त्या स्वतः बसायच्या. आणि पाचव्या दिवशी सीडी गिऱ्हाइकाच्या हातात.

पाचव्या दिवशी! मला एका लग्नाला वीस दिवस लागत. नवरानवरीची नावं टाइप करायची, जोडाक्षर तुटलं की पुन्हा करायची, अक्षरांना सोनेरी रंग द्यायचा, हळदीला वेगळी चौकट, वरातीला वेगळी. प्रत्येक लग्न पहिल्यापासून. याचा मला अभिमानही होता.

आता मात्र मी गल्ल्यावर बसून त्यांच्या दाराबाहेरच्या चपला मोजू लागलो. तीन जोड दिसले की माझं तोंड कडू व्हायचं. बायको एकदा म्हणाली, "तिकडं काय पाहून राह्यले? गिऱ्हाईक तुमच्या समोर उभं हाये."

नातेवाइकांकडून मी त्यांच्या दोन सीड्या मिळवल्या. दोन्हींत सुरुवातीला तेच कमळ उमलत होतं, त्यातून नावं वर येत होती. चौकटी त्याच, अक्षरंही तीच. बदल फक्त नावांत. मला इतका आनंद झाला की काय सांगू. चोरी पकडल्यासारखं मी गावभर सांगत सुटलो की बाई सगळ्यांना एकच लग्न विकून राहिल्या आहेत.

एका सोयाबीनवाल्या शेतकऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भाऊ, तेच त पाह्यजे. साडूच्या पोरीचं नाव कमळातून निंगते. आपल्या पोरीचं काऊन नाई, म्हणून बायको माह्या मागं लागली हाये." आणि तो रस्ता ओलांडून समोर गेला.

आमचे दोघांचेही कॉम्प्युटर ब्रह्मपुरीचा एकच मेकॅनिक दुरुस्त करायचा. त्याला मी चहा पाजला, आणखी बरंच काही बोललो, आणि पुढच्या खेपेला तो बाईंच्या कॉम्प्युटरमधून ते कमळ, त्या चौकटी, सगळं एका सीडीवर उतरवून घेऊन आला. बाईंना न विचारता. फुलं काय तिच्या बापाची आहेत का, असं मी स्वतःला सांगितलं.

उघडून पाहिलं तर अख्ख्या लग्नाचा साचाच आधी मांडून ठेवलेला. हळद, वरात, मंगलाष्टकं, पंगत, बिदाई, सगळ्यांच्या जागा ठरलेल्या, गाणी लावलेली. आपण फक्त आपली दृश्यं त्या जागांत टाकायची आणि नावं बदलायची. मी थक्क झालो, आणि थक्क झालो याचाच मला राग आला.

तलावावर मासेमारी करणाऱ्या एका कुटुंबातलं लग्न मी त्यात बसवलं. सीडी चौथ्या दिवशी दिली. बाईंपेक्षा एक दिवस आधी! त्या दिवशी मी समोर पाहिलंसुद्धा नाही.

दोन दिवसांनी नवरीचे वडील समोरच्या दुकानात शिरताना दिसले. थोड्या वेळाने बाई त्यांना घेऊन रस्ता ओलांडून माझ्याकडे आल्या.

"बिदाईत दुसऱ्याच पोराचं नाव येते," ते म्हणाले. आवाज रडका झाला होता. "व्याही बसून होते घरी. मले इचारते, हा नवरदेव कोन होय? अन् शेवटी या बाईच्या दुकानाचं नाव आलं, म्हणून मी यायच्याकडं गेलो."

बाई माझ्याकडे बघत होत्या. "भाऊ, हे काम मी नाई केलं. पण साचा माझाच होय."

गिऱ्हाइकासमोर काय बोलणार? "चुकलं माझं," एवढंच तोंडातून निघालं.

त्या भांडतील असं वाटलं होतं. त्यांनी खुर्ची ओढली. "कॉम्प्युटर चालू करा. यायचं काम आधी नीट करून देऊ." नाव बदलायच्या सात जागा होत्या. सातवी बिदाईच्या गाण्याच्या पट्टीखाली लपलेली. ती त्यांनी न शोधता उघडली.

नवरीचे वडील नवी सीडी घेऊन गेल्यावर बाई उठल्या. "एक अख्खा पावसाळा गेला माझा याच्यात," त्या म्हणाल्या. "लग्नं नसते तेव्हा. तुमच्या दुकानात पत्ते चालू दिसायचे मले."

मी त्यांच्यासमोर ते सगळं कॉम्प्युटरमधून पुसलं आणि मेकॅनिकने आणलेली सीडी मोडली. कान तापले होते. लाजेने किती आणि रागाने किती, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

पुढच्या पावसाळ्यात पत्ते बंद केले. साचा स्वतः बनवायला बसलो. वाटलं होतं आठवड्याचं काम, तीन महिने पुरले नाहीत. गाणं लांबलं की चौकट आधी संपायची, लांब नावं कडेला कापली जायची. बदलायची नावं मी लाल रंगात ठेवली, म्हणजे एकही जागा सुटू नये. तुळशीच्या लग्नानंतर पहिली तिथी लागली आणि सहा दिवसांत सीडी हातात दिली. बाई तोवर चार दिवसांवर आल्या होत्या.

एकदा त्या सुटे पैसे मागायला आल्या. पडद्यावर माझा साचा चालू होता. क्षणभर थांबून त्यांनी पाहिलं. "अक्षरं छान जमली, भाऊ," म्हणाल्या आणि गेल्या.

अक्षरं छान. म्हणजे बाकीचं नाही? पुढचे दोन दिवस मी तो साचा पुन्हा पुन्हा लावून पाहत होतो.